डीएलसी घ्यावा का? आधी सांग, मोगला हरवलंस का?

सांगलीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "काका, एल्डन रिंग सेलमध्ये घेतला. चाळीसेक तास खेळून झालाय. त्याचा 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हा डीएलसी मला मूळ गेमपेक्षा महाग पडतोय. सेल चार दिवसांत संपतोय. घेऊन ठेवू का? आणि एकूणच पैसे मोजून डीएलसी घेणं परवडतं, की ही नुसती लूट आहे?"

काका म्हणालास म्हणून हक्कानं सांगतो. तुझ्या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द 'डीएलसी' (मूळ गेमला जोडून वेगळी मिळणारी वाढीव सामग्री) नाही, 'घेऊन ठेवू' हा आहे. घेणं वेगळं आणि घेऊन ठेवणं वेगळं. सोळा वर्षं दुकान चालवताना लोकांचे पैसे वाया गेलेले पाहिले, ते जास्त करून या दुसऱ्या प्रकारात.

माझं दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत होतं, २००५ ते २०२१. पुढे डिस्कचं काउंटर, मागे आठ पीसींचा कॅफे. आता दुकान नाही, घरूनच पीसी बांधून देतो. तेव्हा हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे. स्वतः खेळलोय, पण दुसऱ्यांना विकलंय त्याहून जास्त. आणि विकताना प्रत्येक वेळी खरं बोललो असा दावा करणार नाही.

आधी तुझंच प्रकरण घेऊ. शॅडो ऑफ द अर्डट्री २१ जून २०२४ ला आला, अमेरिकेत ३९.९९ डॉलरला. मूळ गेमची छापील किंमत ५९.९९. म्हणजे मूळ गेमवर चाळीस टक्के सूट मिळाली की तो छत्तीस डॉलरला पडतो आणि डीएलसी त्याच्या वर जातो. तुला जे उलटं वाटतंय ते एवढंच आहे. रुपयांतले आकडे वेगळे, हिशोब तोच. पण डीएलसीत जायचं असेल तर मूळ गेममधले दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, आधी मारावे लागतात: स्टारस्कर्ज राडान आणि मोग, लॉर्ड ऑफ ब्लड. राडान केलिडमध्ये आहे, तो बहुतेकांच्या वाटेत येतोच. मोगचं तसं नाही. तो मुख्य रस्त्यावर नाहीच. वारे नावाच्या पात्राने दिलेलं काम पूर्ण कर, नाहीतर खूप पुढे जाऊन कॉन्सिक्रेटेड स्नोफील्डमधलं पोर्टल शोध, तेव्हा कुठे त्याच्या महालात पोचशील. तिथे त्याला मारून मागच्या कोषातून लोंबणाऱ्या सुकलेल्या हाताला स्पर्श केलास की डीएलसी सुरू. तोपर्यंत पैसे भरलेले असले तरी दार बंद.

डीएलसी यायच्या वेळी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) मोगला हरवलेल्या खेळाडूंचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. हे मी कुठून काढलं? स्टीमवर कुठल्याही गेमच्या अचिव्हमेंटच्या, म्हणजे गाठलेल्या टप्प्यांच्या, यादीत प्रत्येकापुढे टक्केवारी असते. कुणालाही दिसते, पण बघत कुणी नाही. कुठलाही डीएलसी घेण्याआधी ती यादी उघड आणि मूळ गेमचा शेवट किती जणांनी गाठला ते बघ. आकडा बघून दचकशील. मग आपण त्यातल्या कुठल्या घोळक्यात मोडतो, ते स्वतःलाच विचार.

आता परताव्याचं. स्टीमवर डीएलसी परत करता येतो: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. नीट वाच, मूळ गेम. तू आज डीएलसी घेतलास आणि मोगला शोधायला निघालास, तर ते दोन तास रस्त्यातच संपतील. डीएलसीचं पहिलं कुरण दिसायच्या आधी परतीचा रस्ता बंद झालेला असेल. म्हणजे तुझ्या बाबतीत 'घेऊन ठेवतो, नाही आवडला तर परत करू' हे चालणारच नाही. प्लेस्टेशनवर तर डाउनलोड सुरू केलं की आवडलं नाही म्हणून परतावा मिळत नाही.

म्हणून माझ्या दुकानातला नियम असा होता (गिऱ्हाइकांना सांगायचो, स्वतः पाळायला बरीच वर्षं लागली): गेम संपल्यावर दोन आठवडे थांबायचं. दोन आठवड्यांनीही त्या जगात परत जावंसं वाटलं तर डीएलसी घ्यायचा. नवीन गेम घेताना डोक्यात जी हवा असते, ती बिलाच्या वेळी सगळ्यात जास्त असते. डिलक्स एडिशन, अल्टिमेट एडिशन, सीझन पास हे सगळं नेमकं त्याच वेळी समोर येतं. उगाच नाही.

सीझन पासचं, म्हणजे पुढे येणाऱ्या डीएलसींचे पैसे आधीच भरण्याचं, तर मला कायम नवल वाटत आलंय. काय काय येणार हे धड सांगितलेलं नसतं, कधी येणार ते नसतं, आणि पैसे आज. खानावळीत महिन्याचे पैसे आधी भरतो, पण तिथे निदान काल काय वाढलं होतं ते शेजारच्याला विचारता येतं. मी स्वतः एका गेमचा पास पहिल्याच दिवशी घेतला होता. शेवटचा भाग यायला वर्षाच्या वर गेलं. तोवर मी तो गेम पीसीवरून काढूनही टाकला होता.

लूट आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण डीएलसी या एकाच शब्दात दोन टोकाच्या वस्तू कोंबलेल्या आहेत. याचा सगळ्यात चांगला दाखला एकाच गेममध्ये आहे. एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. दिसायला चकचकीत, खेळात फरक जवळजवळ शून्य. जगभर हसं झालं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने त्याच गेमसाठी शिव्हरिंग आइल्स काढला: एक अख्खा नवा प्रदेश, त्याची स्वतःची कथा, वेडाच्या देवाचा दरबार. लोकांनी डोक्यावर घेतला. पैसे देऊन घेतलेली वाढीव सामग्री म्हणून दोघंही एकाच माळेत बसतात. तेव्हा 'डीएलसी चांगला की वाईट' असं विचारणं म्हणजे 'हॉटेलातलं जेवण चांगलं असतं का' असं विचारण्यासारखं आहे. कुठल्या हॉटेलातलं?

चांगल्या टोकाला माझ्या मते विचर ३ अजूनही एकटाच उभा आहे. २०१५ मध्ये गेम आला, सोबत सोळा छोटे डीएलसी फुकट दिले. पैशाचे फक्त दोन: ऑक्टोबर २०१५ मध्ये हार्ट्स ऑफ स्टोन, दहा डॉलरच्या आसपास, आणि मे २०१६ मध्ये ब्लड अँड वाइन, वीस डॉलरच्या आसपास. पहिला दहाएक तासांचा, दुसरा वीसेक तासांचा, त्यात तुसाँ नावाचा अख्खा नवा मुलुख. आणि गंमत म्हणजे मूळ कथा संपवलेली नसली तरी थेट त्या डीएलसीपासून सुरुवात करायची सोय दिलीय. सायबरपंक या गेमच्या फँटम लिबर्टी या डीएलसीतही तसं उडी मारून सुरू करता येतं. एल्डन रिंगमध्ये ही सोय नाही, म्हणून तर एवढं मोगपुराण लावलंय.

फँटम लिबर्टीवरून एक सावधगिरी. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला, पण पीएस४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलाच नाही. जुन्या कन्सोलवर मूळ गेम असलेल्यांना तो घेताच आला नाही. आणि त्याच्या पाच दिवस आधी आलेला २.० अपडेट, ज्यात स्किल, पोलीस, सायबरवेअर (पात्राच्या शरीरात बसवायची यंत्रं) सगळं नव्यानं बसवलं, तो नव्या कन्सोलवर आणि पीसीवर फुकट होता. बरेच जण त्या फुकट अपडेटचं कौतुक डीएलसीच्या नावावर लिहितात. रिव्ह्यू वाचताना हे बघत जा: ज्याचं कौतुक चाललंय ते पैसे न देताही मिळतंय का?

वाईट टोकाचे दाखलेही सांगतो, फार वेळ घालवत नाही. मास इफेक्ट ३ मध्ये २०१२ साली पहिल्याच दिवशी एक डीएलसी होता, दहा डॉलरचा, त्यात जाविक नावाचं पात्र. ज्या प्राचीन वंशाभोवती आधीचे दोन गेम फिरले त्यातला शेवटचा जिवंत माणूस, आणि तो वेगळ्या पाकिटात. त्याच वर्षी स्ट्रीट फायटर एक्स टेकनमध्ये बारा पात्रं डिस्कवरच होती, कुलूप लावून. किल्लीचे पैसे नंतर. माझ्या दुकानात एकाने ती डिस्क हातात धरून विचारलं होतं, "म्हणजे हे आत्ता माझ्या हातात आहे, पण माझं नाही?" मी काय सांगणार! हो म्हणालो.

इथे दुकानदार म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डिस्कच्या काळात गेमची खरी किंमत बिलावरची नसायची. नवी डिस्क ३,९९९ ला घेतलेली पोरं महिन्याभरात गेम संपवून परत आणायची आणि चांगल्या अवस्थेत असेल तर मी २,२०० ते २,५०० द्यायचो. म्हणजे महिनाभराच्या खेळाचा खर्च पंधराशे-अठराशे. डीएलसीला हे गणितच लागू नाही. तो खात्याला चिकटतो, विकता येत नाही, भावाला देता येत नाही. डिस्क माझ्याकडे परत आली की त्या पोराच्या खात्यात डीएलसी पडून राहायचा, गेमशिवाय. कुलूप विकून किल्ली खिशात ठेवल्यासारखं. म्हणून डीएलसीची किंमत बघताना ती पूर्ण किंमत धर, परतीचा एक रुपया नाही असं समजून.

जुन्या डिस्कबरोबर आणखी एक फसगत व्हायची. 'गेम ऑफ द इयर एडिशन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला बॉक्स, आणि डीएलसी मात्र डिस्कवर नसून आत खोचलेल्या चिठ्ठीवरच्या कोडमध्ये. पहिल्या मालकाने तो कोड वापरलेला. दुसऱ्याच्या हाती नुसता झगमगता बॉक्स. मी पुढे पुढे बॉक्स उघडून ती चिठ्ठी गिऱ्हाइकासमोरच बघायला लागलो. अजूनही जुन्या डिस्क घेत असशील तर हे लक्षात ठेव.

आणि रीजन, म्हणजे गेम जगाच्या कुठल्या भागात विकण्यासाठी काढलाय ते. एका मुलाच्या मामाने दुबईहून डिस्क आणली होती. मुलाने भारतातल्या खात्यावर डीएलसी घेतला. डिस्क एका रीजनची, डीएलसी दुसऱ्या. चालेना. सल्ला मीच दिला होता, 'काही फरक पडत नाही' म्हणून. अर्धे पैसे मी खिशातून दिले, आणि त्यानंतर डिस्कवरचा रीजनचा नंबर बघितल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

तासांचा हिशोब लोक फार करतात. वीस डॉलरला वीस तास, म्हणजे तासाला एक डॉलर, म्हणजे सिनेमापेक्षा स्वस्त. चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. नकाशावर शंभर ठिपके टाकून 'जा आणि गोळा कर' म्हटलं तरी तास भरतात. वडापाव मोठा दिसावा म्हणून पाव फुगवण्यातला प्रकार. दुसरीकडे कपहेडचा डीएलसी आठ डॉलरचा, २०२२ चा. हात चांगला बसलेला माणूस तो दोन-तीन संध्याकाळी संपवेल. पण त्यातला एकेक बॉस हाताने काढलेल्या चित्रांचा आहे आणि एकही मिनिट भरताड नाही. मला तो जास्त स्वस्त वाटतो.

काही गेमचे प्रकार असे आहेत की तिथे डीएलसी घेणं जवळजवळ नेहमीच वसूल होतं, अट एकच: तू त्या गेमचा रोजचा माणूस असायला हवास. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा माझा स्वतःचा. २०१२ चा गेम, आणि त्यानंतर स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, बाल्टिक, इबेरिया, ग्रीस असे एकेक नकाशे येत गेले. वर्षाला एखादा घ्यायचा, तोही सेलमध्ये. रात्री जेवून बसलो की लिस्बनहून माल भरायचा आणि पाऊण तासात झोपायचं. मला कळतं की बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. ट्रेन सिम्युलेटरचे सगळे डीएलसी एकत्र केले तर हजारो डॉलर होतात आणि त्यावर विनोद होतात. पण ते सगळे घ्यायचे नसतातच. ज्याला ज्या रेल्वेमार्गाचं वेड आहे त्याने तो घ्यायचा. आपण साडीच्या दुकानातल्या सगळ्या साड्यांची बेरीज करतो का?

एज ऑफ एम्पायर्स २ चंही तसंच. माझ्या कॅफेत शनिवारी संध्याकाळी आठही पीसीवर कॉन्करर्स चालायचा, तोही २००० सालचा पैशाचा एक्स्पान्शनच की. नव्या डेफिनिटिव्ह एडिशनसाठी एप्रिल २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आला. आधी जो एकच 'इंडियन्स' गट होता तो हिंदुस्तानी झाला, आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर असे तीन नवे आले. द्रविडियनांचे उरुमीवाले, बंगाल्यांचा रथ, गुर्जरांचे चक्र फेकणारे. देवगिरीच्या यादवांना मात्र त्यात जागा मिळाली नाही, ती खंत आहेच. यातली चांगली बाब अशी की तू डीएलसी घेतला नाहीस तरी घेतलेल्या मित्राबरोबर खेळू शकतोस, फक्त ते गट तुला निवडता येत नाहीत. पूर्वी शूटर गेममध्ये पैशाचे मॅप पॅक यायचे तेव्हा हे नव्हतं. आठातल्या तिघांकडे मॅप नसला की तिघं बाहेर. महिनाभरात तो मॅप कुणीच लावत नसे. मित्रांबरोबर खेळायचा गेम असेल तर आधी मित्रांना विचार, रिव्ह्यू मग वाच.

सिम्स ४ वेगळीच तऱ्हा. मूळ गेम २०२२ पासून फुकट आहे, कमाई सगळी पॅकवर. ऋतू हवेत, म्हणजे पाऊस-बर्फ हवा, तर २०१८ चं 'सीझन्स' घ्यावं लागतं. पाऊस विकत घ्यायचा ही कल्पना आम्हा पंचगंगाकाठच्यांना जरा जड जाते. पण माझी भाची पुण्यात तो गेम चार वर्षं खेळतेय, तिने तेवढा एकच मोठा पॅक घेतलाय, आणि तो तिने पुरेपूर वसूल केलाय.

नुसत्या दिसण्याच्या वस्तू, स्किन वगैरे, त्यावर माझं फार म्हणणं नाही. रोज त्याच गेममध्ये मित्रांसोबत असशील तर घे एखादा, लग्नात फेटा बांधतोच की आपण. पण तो गेममधला वाढीव भाग आहे असं समजू नकोस. आणि आत काय निघेल ते न सांगता विकलेली पेटी असेल तर हात लावू नकोस. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

कायम ऑनलाइन लागणाऱ्या गेमचा डीएलसी घेताना तर दोनदा विचार कर. डेस्टिनी २ मधून नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे देऊन घेतलेल्या दोन एक्स्पान्शनच्या मोहिमा काढून टाकल्या गेल्या. द क्रू या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. एकट्याने खेळायचा असला तरी तो सुरू होईना, मग त्याचे डीएलसी कुठले! विचर ३ चा ब्लड अँड वाइन आज डाउनलोड करून ठेवलास तर दहा वर्षांनीही इंटरनेटशिवाय चालेल. किंमत सारखी असली तरी या दोन वस्तू सारख्या नाहीत.

आता परत तुझ्याकडे. तू चाळीस तासांत कुठवर आलायस ते लिहिलं नाहीस, म्हणून मी दोन्ही सांगतो. राडान पडला असेल, मोग समोर असेल आणि रोज रात्री तोच गेम लावत असशील, तर सेल चालू असताना घे, हरकत नाही. डीएलसी मोठा आहे, निवांत खेळणाऱ्याला तीस-चाळीस तास सहज पुरेल, आणि तिथे तुझी जुनी लेव्हल एकटी कामाला येत नाही, स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून नव्यानं ताकद वाढवावी लागते, म्हणजे शोधाशोधीची मजा पहिल्यापासून परत. पण अजून लिमग्रेव्ह-लियुर्निया या सुरुवातीच्या भागांतच रमला असशील, किंवा सेमिस्टर डोक्यावर असेल, तर हा सेल जाऊ दे. उन्हाळी आणि हिवाळी सेल दरवर्षी येतात, आणि नाव मोठं असलं तरी डीएलसी जुना होत जातो तशी सूट वाढते. चार दिवसांत संपतोय हे त्यांचं घड्याळ आहे, तुझं नाही.

मोगकडे निघालासच तर एक काम आधी कर. अल्टस पठारावरच्या सेकंड चर्च ऑफ मरिकापाशी एलिओनोरा नावाची एक जण हल्ला करते, तिला मारून प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर घे आणि वंडरस फिजिक या फ्लास्कमध्ये मिसळ. लढाईत मोगची निम्मी ताकद संपत आली की तो त्रिशूळ वर करून "निहिल" म्हणून ओरडतो, तीनदा. पहिल्या ओरडण्याच्या जरा आधी तो फ्लास्क पी, नाहीतर तिथेच संपशील. मी सात वेळा संपलो होतो.